कोकणातल्या आपल्या चर्चच्या शाळा: पैसा कुठून येणार, आणि दरवर्षी कसा येणार?

चिरेबंदी (सिंधुदुर्ग)

मंडळी, नमस्कार. वसईपासून अलिबाग-रेवदंडा, रत्नागिरी, सावंतवाडी, वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने चर्चच्या शाळा आहेत. आजी, आई आणि नात एकाच बाकावर शिकून गेल्या अशी घरं गावोगाव सापडतील. या शाळा पुढची वीस वर्षं कशाच्या जोरावर चालणार, हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही म्हणून धागा काढतोय.

मी आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, शाळा समितीवर आहे. एकाच आवारात आमच्या दोन शाळा: पाचवी ते दहावी मराठी माध्यम, अनुदानित, आणि शेजारी इंग्रजी माध्यमाची प्राथमिक, स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे सरकारी अनुदान नसलेली). लोकांना वाटतं, अनुदानित शाळेला सरकार पैसे देतं, मग चिंता कसली? सरकार मंजूर पदांचे पगार देतं, ते शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून थेट शिक्षकांच्या खात्यात जातात. हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो सरकार उचलतं याबद्दल कृतज्ञताच आहे. पण वीजबिल, बाकं, प्रयोगशाळेतली रसायनं, संगणक, मुलींच्या स्वच्छतागृहाची सफाई, हे सगळं वेतनेतर खर्चात येतं. वेतनेतर अनुदान मधली कित्येक वर्षं बंद होतं. आता मिळतं ते तुटपुंजं, आणि कधी हातात पडेल ते सांगता येत नाही. त्यात डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानंतर शिपाई निवृत्त झाला की ते पद भरलं जात नाही, त्याऐवजी ठोक भत्ता येतो. त्या भत्त्यात पूर्ण वेळ माणूस कुणी देत नाही.

आणि छप्पर. आमची जुनी इमारत जांभ्या चिऱ्याची, वर मंगलोरी कौलं. एप्रिल-मे महिन्यात माणूस वर चढवायचा, फुटकी कौलं बदलायची, वाशांना वाळवी लागली आहे का ते ठोकून बघायचं, पन्हळीतला पाला काढायचा. एक वर्ष टाळलं तर दुसऱ्या वर्षी वासा कुजतो. तिसऱ्या वर्षी भिंतीत पाणी उतरतं आणि फळ्याच्या मागे ओल धरते. मग काही हजारांत झालं असतं त्या कामाला लाखो रुपये लागतात, आणि मग पावतीपुस्तकं छापून आपण घरोघर फिरतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा ज्या शाळांची डागडुजी वेळच्या वेळी झाली होती त्यांची कौलं गेली, पण वासे राहिले. ज्यांची झाली नव्हती त्यांचं काय झालं ते आसपासच्या गावांत बघितलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे: मोठी देणगी इमारत उभी करते, शाळा चालते ती दर महिन्याला येणाऱ्या लहान रकमेवर. समजा, पॅरिशमधल्या 300 घरांनी महिना 150 रुपये दिले, तर महिन्याचे 45,000 आणि वर्षाचे 5 लाख 40 हजार होतात. वीज, सफाई आणि छप्पर यांना ते पुरावेत. त्यासाठी बँकेत शाळेचं वेगळं खातं हवं आणि दर तिमाहीचा हिशेब चर्चच्या आणि शाळेच्या फलकावर लागायला हवा. असं कुणी आपल्याकडे करून बघितलंय का? अडलं कुठे?

जुन्या_बाई (वसई)

चिरेबंदी, धागा काढलात ते फार बरं झालं. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आमचीही शाळा मराठी माध्यमाची अनुदानित.

पैशाच्या आधी पटाचं बोला. दरवर्षी संचमान्यता होते. आधार जुळलेली मुलं किती, त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. पट घसरला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात दुसऱ्या शाळेत जातो. गणिताचा शिक्षक गेला की पालक म्हणतात, इथे गणिताला माणूस नाही, आणि आणखी चार मुलं इंग्रजी माध्यमात जातात. पुढच्या वर्षी आणखी एक पद जातं. ही घसरण मी डोळ्यांनी बघितली आहे. निधी कितीही गोळा करा, पट टिकला नाही तर पगाराचं सरकारी अनुदानच हातचं जातं, आणि ते भरून काढायची ताकद कुठल्याही पॅरिशमध्ये नाही.

म्हणून तुमच्या निधीतला पहिला रुपया मी पाचवीच्या प्रवेशावर खर्च करीन. चांगलं सेमी-इंग्रजी, वाचनालय, आणि लांबच्या वाडीवरच्या मुलांसाठी रिक्षा किंवा टेम्पोची सोय. आमच्याकडे वाहतुकीची सोय झाली त्या वर्षी पट थांबला, उतरला नाही.

आणि वसईकरांना लहान रकमेची ताकद वेगळी सांगायला नको. 1918 साली इथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांनी सावकाराच्या तावडीतून सुटण्यासाठी पतपेढी काढली, तिची आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली आहे. केळी-भाजी विकणाऱ्यांच्याच ठेवी होत्या त्या.

वाडीवाला (वसई)

बाईंशी सहमत. पण मला वाटतं आपण डोळ्यांसमोरची गोष्ट बघत नाही. कित्येक पॅरिशच्या शाळांची जागा आज मुख्य रस्त्यावर आहे. रस्त्याकडेला दहा गाळे काढले, भाड्याने दिले, तर शाळेचा वर्षाचा खर्च निघेल. शंभर-दीडशे रुपयांसाठी घरोघर फिरायचं कशाला? वाडवडिलांनी जमीन दिली ती शाळा चालावी म्हणूनच ना?

ताळेबंद (रत्नागिरी)

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, दोन-तीन शैक्षणिक ट्रस्टचं लेखापरीक्षण करतो. वाडीवाला यांच्या सूचनेवर थोडं सविस्तर लिहितो, कारण हीच सूचना सगळीकडे येते.

शाळेची जागा बहुतेक ठिकाणी सार्वजनिक ट्रस्टच्या नावावर असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणे ती विकायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही लागते: शेतजमीन 10 वर्षांपेक्षा जास्त, किंवा बिगरशेती जमीन आणि इमारत 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल तर. म्हणून गाळे 3 वर्षांच्या आतल्या कराराने दिले जातात. मग गाळेवाला उठत नाही. भाडं जुन्या दरावर अडकतं आणि ट्रस्ट कोर्टात जातो. वर्गाच्या खिडकीला खेटून हार्डवेअरचं दुकान आलेलं मी बघितलंय. गाळे काढूच नका असं माझं म्हणणं नाही. पण ते आवाराच्या बाहेरच्या कडेला असावेत, करार वकिलाकडून करून घ्यावा, आणि भाडं शाळेच्या खात्यातच जमा व्हावं. विक्री मात्र नको. जागा एकदाच विकता येते.

आता बाकीचे मार्ग. परदेशी देणगीसाठी एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) खाली नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे धर्मप्रांताच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या) संस्थेने घेऊन गावच्या शाळेला द्यायचा, हा जुना रस्ता बंद झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 वरून 20 टक्क्यांवर आली.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा खर्च: कंपनी कायदा 2013 चं कलम 135. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. लोटे, रोहा, तारापूरचे कारखाने आपल्या किनाऱ्यालगत आहेत आणि कायदा स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. संस्थेला आयकर सवलतीच्या 12ए आणि 80जी नोंदण्या, आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-1 नोंदणी लागते. ही कागदपत्रं तयार नसतात म्हणून संधी जाते. पण सीएसआरमधून स्वच्छतागृह मिळेल, प्रयोगशाळा मिळेल, सौर पॅनेल मिळतील. पगार आणि वीजबिल वर्षानुवर्षं मिळणार नाही. ते प्रकल्पासाठीचे पैसे असतात.

आणखी एक, जे फारसं कुणी बोलत नाही. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांचा पगार ते स्वतःकडे ठेवत नाहीत, त्यांच्या धर्मसंघाकडे किंवा धर्मप्रांताकडे जातो, आणि त्यातला बराच भाग शाळेवरच खर्च होत असे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या पगारावर टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा आयकर) कापलाच पाहिजे असा निकाल दिला. म्हणजे तो आधारही कमी झाला. तसंही शिकवणाऱ्या सिस्टर आता शाळेत किती उरल्यात ते तुम्ही जाणताच.

कुवेतकर

मी मूळचा मालवण तालुक्यातला. गल्फमध्ये असलेली आमची मंडळी शाळेसाठी द्यायला कधी मागे राहिली नाही. एक अनुभव सांगतो. एका शाळेच्या संगणक कक्षासाठी आम्ही दहा-बारा जणांनी मिळून पैसे पाठवले. सुट्टीत आलो तेव्हा कक्ष दिसला नाही. विचारलं तर कळलं, ते पैसे कंपाउंडच्या भिंतीला लागले. भिंत गरजेची असेलही. पण आम्हाला कुणी विचारलं नाही, कळवलंही नाही. त्यानंतर त्या दहा-बारा जणांतले किती जण पुन्हा पैसे देतील?

चिरेबंदी यांचं तिमाही हिशेबाचं म्हणणं मला सगळ्यात पटलं. मला सोहळा नको, नावाची पाटी नको. व्हॉट्सॲपवर एक पान आलं की बस: इतके आले, इतके खर्च झाले, इतके शिल्लक.

ताळेबंद (रत्नागिरी)

कुवेतकर, तुमची मागणी चर्चच्या कायद्यातच आहे. कॅथॉलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतला कॅनन (कलम) 1267 सांगतो की ज्या हेतूने दान दिलं त्याच हेतूसाठी ते वापरलं पाहिजे. कॅनन 1287 सांगतो की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. आणि कॅनन 537 प्रमाणे प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती असलीच पाहिजे. तेव्हा हिशेब मागणं म्हणजे फादरांवर अविश्वास दाखवणं, असं कुणी मानू नये. मागताना हे कॅनन नम्रपणे पुढे ठेवा.

एक सावधगिरी: तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल आणि आपल्या कमाईतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने देत असाल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर मात्र धरतात. पावती घेताना हे स्पष्ट करा.

रापणकर (वेंगुर्ला)

माझो पण एक सबूद. मी ख्रिस्ती नाय, गाबीत मच्छीमार. आमच्या वाडयेतली सगळी पोरां फादरांच्या शाळेतच शिकली. बापाशीकडे फी नसायची तेव्हा सिस्टर म्हणायची, मासे लागले की दे. आज आमचे कोण इंजिनियर आसत, कोण बोटीचे मालक, कोण मुंबैत. शाळेचो खर्च काढूचो झालो की तुम्ही मिस्सेनंतर चर्चमध्ये सांगतास. आमका कोण सांगतला? आमच्या देवळाच्या जत्रेक बोर्ड लावा, आमच्या सोसायटीत येवा. शाळा आमची पण आसा.

चिरेबंदी (सिंधुदुर्ग)

रापणकर, तुमचा मुद्दा लाखमोलाचा. आमच्या शाळेतली बहुसंख्य मुलं हिंदू आणि मुस्लिम घरांतली आहेत, कोकणात बहुतेक ठिकाणी हेच चित्र असेल. मग 300 घरांचं माझं गणित मुळातच लहान आहे. माजी विद्यार्थ्यांच्या घरांचा हिशेब धरला तर तो कितीतरी मोठा होतो.

काजूबी (मूळ सावंतवाडी, सध्या अमेरिकेत)

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कॅथॉलिक शाळांचा इतिहास तुमच्या चर्चेला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. 1884 मध्ये बाल्टिमोरला बिशपांची परिषद झाली, तिने प्रत्येक पॅरिशने शाळा काढावी असं ठरवलं. सरकारचा पैसा जवळपास शून्य. तरी शाळा चालल्या, कारण हजारो सिस्टर नाममात्र मानधनावर शिकवत होत्या. 1960 च्या दशकाच्या मध्याला इथे 50 लाखांहून जास्त मुलं कॅथॉलिक शाळांत होती. मग सिस्टरांची संख्या घटली, प्रापंचिक (सिस्टर किंवा फादर नसलेले) शिक्षक आले, त्यांना घर चालेल एवढा पगार द्यावा लागला, फी वाढली, कामगारांच्या घरची मुलं गळाली. आज आकडा 17 लाखांच्या आसपास आहे. टीडीएस आणि सिस्टर कमी होण्याबद्दल ताळेबंद यांनी लिहिलंय, ते वाचून हेच आठवलं.

दोन प्रयोग मात्र टिकले. कॅन्सस राज्यात विचिटा नावाचा धर्मप्रांत आहे. तिथे पॅरिशमधलं प्रत्येक घर उत्पन्नाचा काही हिस्सा आणि आपला वेळ पॅरिशला देतं, शाळेत मूल असो वा नसो, आणि पॅरिशच्या सक्रिय सभासदांच्या मुलांना फी नाही. नातवंडं मोठी झालेली आजीसुद्धा देते. दुसरा, 1996 मध्ये शिकागोत जेझुइट या कॅथॉलिक धर्मसंघाने सुरू केलेली क्रिस्तो रे शाळा. तिथे चार मुलं मिळून एका ऑफिसातली एक नोकरी वाटून घेतात, प्रत्येक जण आठवड्यातला साधारण एक दिवस काम करतो, आणि तो पगार शाळेला जातो. आज अशा शाळांचं मोठं जाळं आहे.

दुसरा प्रयोग कोकणात जमणार नाही. चौदा वर्षांखालच्या पोरांना कामाला लावणं आपल्या कायद्यात बसत नाही, आणि त्याहून मोठ्या शाळकरी पोरांना लावणं मनाला पटत नाही. पहिला मात्र चिरेबंदी यांच्या दीडशे रुपयांचाच भाऊ आहे.

विनाअनुदानितवाली (रायगड)

बराच वेळ नुसती वाचत होते. कौलं, गाळे, सौर पॅनेल सगळं वाचलं. शिक्षकांच्या पगाराबद्दल कुणी लिहितंय का ते बघत होते.

मी चर्चच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्राथमिकला शिकवते, स्वयंअर्थसहाय्यित. शेजारच्या इमारतीतल्या अनुदानित शिक्षिकेचा आणि माझा पगार यांत किती अंतर आहे ते मी आकड्यात लिहीत नाही, कळणाऱ्याला कळेल. दोघी एकाच घंटेला वर्गात जातो. मे महिन्याचा पगार आम्हाला मिळतोच असं नाही. माझ्यासोबतच्या दोघी जणी संध्याकाळी शिकवण्या घेतात, एक जण शनिवारी दुकानात बसते. त्यांच्यातली कुणी बी.एड. असलेली, हुशार, मुलांना जीव लावणारी दोन वर्षांत सोडून जाते, कारण जिल्हा परिषदेत किंवा मुंबईत लागते. मग पालक म्हणतात, या शाळेत शिक्षक टिकत नाहीत.

फी वाढवा असं म्हटलं की सगळे दचकतात. माझ्या वर्गात मच्छी विकणाऱ्या बाईची मुलगी आहे, मलाही तिची फी वाढायला नको आहे. पण फी न वाढवता शाळा स्वस्त राहते ती माझ्या पगारातून, हे कुणीतरी म्हणायला हवं. माझ्या आणि माझ्यासारख्या प्रत्येकीच्या पगारातून दर महिन्याला देणगी कापून घेतली जाते, तिची पावती मिळत नाही.

शाळेला निधी उभारायचा असेल तर माझी विनंती आहे, त्यात शिक्षकांच्या पगाराचा वाटा पहिला ठेवा. छप्पर दिसतं म्हणून त्याला देणगीदार मिळतो.

वाडीवाला (वसई)

ताई, तुमचं वाचून गाळ्यांचा विचार बाजूला ठेवला. फीबद्दल विचारतो: ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पूर्ण खर्चाएवढी फी घ्यायची आणि ज्यांना परवडत नाही त्यांना उघडपणे नादारी (फी-माफी) द्यायची, असं का करत नाहीत? आज इंजिनियरचा मुलगा आणि मच्छीवाल्या मावशीची मुलगी एकच फी देतात. इंजिनियरला शिक्षकांच्या पोटातून सवलत कशाला?

ताळेबंद (रत्नागिरी)

कायद्याने करता येतं, पण मनाला येईल तशी वाढ नाही. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम 2011 प्रमाणे व्यवस्थापन फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवतं, ती मंजुरी देते आणि ती फी दोन वर्षं चालते. वसूल करायची ती फी जाहीर ठरवा आणि नादारीचा निधी वेगळा ठेवा. पालकांपुढे पगारपत्रक आणि खर्चाचा तक्ता उघडा ठेवला तर समिती समजून घेते, हा माझा अनुभव आहे. आकडे झाकले की भांडण होतं. आणि फी नफ्यासाठी नाही, शाळेसाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या टी. एम. ए. पै निकालापासून (2002) स्पष्ट आहे.

नादारी कुणाला, हे ठरवताना मात्र फादर किंवा मुख्याध्यापक एकट्याने ठरवू नये. तीन माणसांची समिती असावी, नावं गुप्त असावीत. मूल वर्गात उभं राहून फी-माफीचं सांगतंय, असं व्हायला नको.

जुन्या_बाई (वसई)

रायगडच्या ताईंचं वाचून रात्री झोप लागली नाही. त्यांचं अगदी खरं आहे. पट टिकतो तो शिक्षकांमुळे, आणि शिक्षक टिकतो तो पगारामुळे. पाचवीच्या प्रवेशाला पहिला रुपया म्हणाले होते, आता तो ताईंना देते.

दुसरं, सावधपणे सांगते. आपल्याला राज्यघटनेच्या कलम 30 चं (अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याच्या हक्काचं) संरक्षण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमाती निकालामुळे अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायदा आणि त्यातल्या 25 टक्के राखीव जागांची तरतूद लागू होत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने या निकालावर शंका घेऊन तो मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवलाय. निकाल काहीही लागो, गरीब घरातली मुलं किती घेतो याचा आकडा आपल्या शाळांनी आतापासूनच स्वतःहून फलकावर लावावा. आपण शाळा काढल्या त्या त्यांच्यासाठीच.

चिरेबंदी (सिंधुदुर्ग)

सगळ्यांचे आभार. येत्या समितीच्या बैठकीत मी काय मांडणार ते लिहितो, म्हणजे कुणाला खोट दिसली तर आत्ताच सांगता येईल.

शाळेचं वेगळं खातं, पॅरिश आणि माजी विद्यार्थी दोघांकडून दरमहा रक्कम, बँकेतून आपोआप वळती होणारी. त्यातला निम्मा भाग प्राथमिकच्या शिक्षकांच्या पगारातली तफावत कमी करायला. मे महिन्याचा पगार देणं ही पहिल्या वर्षाची अट. पाव भाग डागडुजीला, आणि तो दरवर्षी एप्रिलपर्यंत खर्च झालाच पाहिजे. उरलेला नादारी आणि वाहतुकीला. सौर पॅनेल, प्रयोगशाळा, स्वच्छतागृह यांसाठी सीएसआरकडे अर्ज, त्यासाठी सीएसआर-1 नोंदणी आधी. जागा विकायची नाही, याचा ठराव इतिवृत्तात नोंदवायचा. समितीवर दोन माजी विद्यार्थी निमंत्रित, त्यातला एक बिगर-ख्रिस्ती. आणि रापणकर, जत्रेला बोर्ड लावायला मी स्वतः येतो, जागा तुम्ही दाखवा.

फादर तयार आहेत. त्यांची एकच शंका आहे, की दोन-चार महिन्यांनी लोक देणं थांबवतील. त्यावर कुणाकडे अनुभवाचं उत्तर असेल तर हवं आहे.

जुन्या_बाई (वसई)

थांबतील काही. आमच्या वॉर्डात दर महिन्याला एक बाई घरोघर जायची, हातात वही, आणि गेल्या महिन्यात काय काय झालं ते बसून सांगायची. ज्या घरांत ती गेली तिथलं देणं सुटलं नाही. बँकेची वळती ठेवा, पण अशा दोन बाया आधी शोधा. तिमाही हिशेबाचा एक नमुना मी तयार करून ताळेबंद यांना तपासायला पाठवते, मग इथेच टाकते.